दाह शमवायचा की प्रतिकारशक्ती वाढवायची? अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या, कॅप्सूलवर छापलेले दावे आणि न छापलेले इशारे.

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

माझ्यासमोर हळदीच्या अर्काची एक डबी आहे. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाही. पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिले आहे. डबी फिरवली की मागे बारीक अक्षरांत ‘शक्तिशाली अँटी-इन्फ्लमेटरी’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली आपल्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. म्हणजे ही कॅप्सूल प्रतिकारशक्तीला चेतवतेही आणि तीच कॅप्सूल प्रतिकारशक्तीने उठवलेला दाह शमवतेही. सकाळी कोणते काम करायचे आणि संध्याकाळी कोणते, हे तिचे तिला कळत असावे.

मी सांगलीत बरीच वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले. हळदीच्या गावात राहून कर्क्युमिनवर प्रयोग केला नाही असा एम.एस्सी.चा एकही वर्ग आमच्याकडून सुटला नाही. त्यामुळे ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ हा शब्द कुठून आला ते मला ठाऊक आहे. तो खोटा नाही. तो जिथे खरा आहे ती जागा आणि डबी यांच्यात फार मोठे अंतर आहे, आणि त्या अंतराबद्दल आपले नियम गप्प आहेत. हे पत्र त्यासाठी.

आधी ती जागा दाखवते.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून उंदराच्या मॅक्रोफेज पेशी मागवता येतात. मॅक्रोफेज म्हणजे आपल्या प्रतिकारसंस्थेतल्या भक्षक पेशी. जंतू गिळणाऱ्या आणि जंतू आला रे आला की बाकीच्यांना हाकाटी देणाऱ्या. प्रयोगशाळेत वापरतात ती ‘रॉ २६४.७’ नावाची जात मूळची उंदराच्या गाठीतून वाढवलेली. या पेशी लहान लहान खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवायच्या आणि त्यांना जिवाणूच्या भिंतीचा एक तुकडा द्यायचा. त्याला एलपीएस म्हणतात. जिवंत जंतू द्यावा लागत नाही, नुसता हा तुकडा दिसला तरी पेशी खवळते. तिच्या पृष्ठभागावरचा टीएलआर-४ हा ग्राहक (रिसेप्टर) एलपीएसची खूण ओळखतो, आत निरोप जातो, आणि एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन, जे एरवी आयकप्पा-बी या दुसऱ्या प्रथिनाने पेशीद्रवात अडकवून ठेवलेले असते, ते मोकळे होऊन केंद्रकात शिरते. तिथे ते दाहाची जनुके चालू करते. टीएनएफ-अल्फा, आयएल-६, आयएल-१-बीटा हे संदेशवाहक बाहेर पडू लागतात. सीओएक्स-२ तयार होते, ज्याला अडवून आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दुखणे कमी करतात. आणि एक वितंचक (एन्झाइम) नायट्रिक ऑक्साइड बनवू लागते, जंतू मारायला.

हा नायट्रिक ऑक्साइड मोजणे अगदी सोपे. चोवीस तासांनी खळग्यातले पाणी घ्यायचे, त्यात ग्रीस अभिकर्मक टाकायचा. पाणी गुलाबी होते. जितका दाह जास्त तितका गुलाबी गडद. मुलांना यंत्रावर आकडा बघायच्या आधीच डोळ्यांना दिसते. आणि ज्या खळग्यांत आधी कर्क्युमिन घातलेले असते तिथे गुलाबी फिका असतो. कर्क्युमिनचे प्रमाण वाढवत गेले की रांगेने फिका होत जातो. पहिल्यांदा बघताना कुणालाही वाटावे, आजीचे बरोबर होते!

कारणही समजलेले आहे. आयकप्पा-बीला निकालात काढणाऱ्या वितंचकाला कर्क्युमिन अडवते, त्यामुळे एनएफ-कप्पा-बी अडकूनच राहते. दुसरीकडे एनआरएफ-२ नावाचा घटक जागा होतो आणि पेशी आपली अंगभूत ऑक्सिडीकरणविरोधी वितंचके बनवू लागते. म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाचा अर्थही जाहिरातीत सांगतात तेवढा साधा नाही. कर्क्युमिन स्वतः थोडीफार मुक्त मूलके (फ्री रॅडिकल) टिपते, पण त्याचे मोठे काम पेशीला किंचित डिवचून तिच्याकडून बंदोबस्त करवून घेण्याचे आहे. एनएफ-कप्पा-बीवरचे हे काम १९९५ पासून छापून येते आहे. आणि त्याच्याही आधी, १९७३ मध्ये, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्या श्रीमल आणि धवन यांनी कर्क्युमिनचा दाहविरोधी गुण उंदरांत दाखवला होता. भारतात, सरकारी प्रयोगशाळेत झालेले चोख काम. त्याचा अभिमान वाटतो.

पण त्याच वर्गात मी मुलांना दुसरी प्लेट लावायला सांगत असे. गुलाबी फिका पडण्याची दोन कारणे असू शकतात. पेशी शांत झाल्या, किंवा पेशी मेल्या. मेलेली पेशीही नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही. म्हणून पेशी जिवंत आहेत का ते वेगळ्या चाचणीने तपासावे लागते, आणि कर्क्युमिनचे प्रमाण पन्नास मायक्रोमोलरपर्यंत नेले की पुष्कळदा त्या मरायलाच लागलेल्या असतात. शिवाय कर्क्युमिन पिवळेधमक. रंग बघून मोजायच्या कुठल्याही चाचणीत ते स्वतःचा रंग मिसळते. ते प्रकाशात नासते. पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून द्यावे लागते. आणि पेशींना लागते त्या ७.४ सामूच्या (पीएचच्या) साध्या बफरमध्ये, प्रथिने नसतील तर, अर्ध्या तासात त्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग मोडून जातो. मग चोवीस तासांनी जे दिसले ते कर्क्युमिनने केले की त्याच्या तुकड्यांनी? एखादी हुशार मुलगी हा प्रश्न विचारायचीच. तिला पूर्ण गुण.

२०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या सगळ्या कामाचा झाडा घेतला. हे रसायन अस्थिर आहे, दिसेल त्याच्याशी अभिक्रिया करणारे आहे आणि रक्तात नीट पोचत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. चाचण्यांना फसवणाऱ्या रसायनांत त्यांनी त्याला बसवले. निष्कर्ष थोडा जास्तच कडक आहे असे माझे मत. त्यावर वादही झाले. पण कर्क्युमिनच्या संशोधनाचा डोंगर केवढा आणि त्यातला कसदार भाग केवढा, हा प्रश्न त्यांनी रास्त विचारला. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात काम केलेले भरत अगरवाल हे या विषयातले सर्वांत जास्त उद्धृत होणाऱ्यांपैकी एक, आणि त्यांचे वीसहून अधिक शोधनिबंध नियतकालिकांनी मागे घेतले आहेत. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘हजारो शोधनिबंध’ म्हणतात तेव्हा ही वजाबाकी कुणी करत नाही.

आता प्लेटमधून माणसात येऊ.

प्लेटमध्ये पाच ते पन्नास मायक्रोमोलर कर्क्युमिन थेट पेशीच्या अंगावर ओततात. माणूस ते तोंडाने घेतो. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल आणि सल्फेट जोडून शरीर ते बाहेर टाकायच्या तयारीला लागते. उरलेले शौचावाटे जाते. काही ग्रॅम कर्क्युमिन गिळल्यावरही रक्तात मोकळे कर्क्युमिन सापडते ते प्लेटमधल्या प्रमाणाच्या कितीतरी खाली, आणि कित्येकदा सापडतच नाही. ज्या गुलाबी रंगावर जाहिरात उभी आहे, ते प्रमाण माणसाच्या रक्तातल्या भक्षक पेशीला त्या साध्या कॅप्सूलमधून मिळत नाही.

हे कंपन्यांना माहीत आहे. म्हणून तर डबीवर दुसरी ओळ असते : ‘पिपेरिनयुक्त, शोषण २०००% जास्त’. पिपेरिन म्हणजे काळ्या मिरीतला तिखट घटक. हा आकडा कुठला? १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात मोजक्या निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिले, एकदा नुसते आणि एकदा वीस मिलिग्रॅम पिपेरिनसोबत. नुसते दिले तेव्हा रक्तात जवळपास काहीच सापडले नाही. पिपेरिनसोबत दिले तेव्हा पहिल्या तासाभरात पातळी वर गेली आणि उतरली. वीसपट वाढ झाली हे खरे, पण जवळजवळ शून्याची वीसपट. टक्केवारीत लिहिले की गिऱ्हाइकाचे डोळे दिपतात. हा अभ्यास नीट केलेला होता. दोष तो छापणाऱ्यांचा.

आणि पिपेरिन हे कसे घडवते, ते डबीवर कुणी छापत नाही. परकी द्रव्ये निकाली काढणाऱ्या यकृताच्या आणि आतड्याच्या वितंचकांनाच ते रोखून धरते. ती वितंचके फक्त कर्क्युमिनसाठी ठेवलेली नाहीत. फिट्सची फेनिटोइन, रक्तदाबाची प्रोप्रानोलोल, दम्याची थिओफिलिन यांची रक्तातली पातळी पिपेरिनमुळे वाढल्याचे अभ्यास १९८०-९० च्या दशकांपासून आहेत, तेही भारतीयांचे. म्हणजे सांधेदुखीसाठी सहज म्हणून कॅप्सूल सुरू करणाऱ्या माणसाच्या दुसऱ्या औषधाचा डोस, त्याला आणि त्याच्या डॉक्टरला नकळत, वर सरकू शकतो. आमटीत मिरी पडते तिची गोष्ट वेगळी. रोज ठरलेल्या मापाने, अर्क काढून, पोटात टाकलेल्या पिपेरिनची वेगळी.

कर्क्युमिन निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. दोन ठिकाणी मला पुरावा मानण्याजोगा वाटतो. एक गुडघेदुखी. थायलंडमध्ये गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या ३६७ रुग्णांना चार आठवडे रोज दीड ग्रॅम हळदीचा अर्क किंवा बाराशे मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिले. २०१४ मध्ये निष्कर्ष छापले, दोन्ही गट सारखेच सुधारले आणि पोटाच्या तक्रारी अर्क घेणाऱ्यांत कमी होत्या. चार आठवडे म्हणजे काही फार नव्हेत, पण आकडा मोठा आहे. दुसरे ठिकाण आतडे. २००६ मध्ये जपानमधून आलेला अभ्यास अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ८९ रुग्णांवरचा होता. आजार शांत असलेल्यांना नेहमीच्या औषधासोबत रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन किंवा बिनगुणाची गोळी दिली. सहा महिन्यांत कर्क्युमिनच्या गटात पाच टक्क्यांहून कमी लोकांचा आजार पुन्हा उसळला, दुसऱ्या गटात वीस टक्क्यांच्या वर. मला हे पटते, आणि का ते बघा. आतड्याच्या दाहात कर्क्युमिनला रक्तात जायची गरजच नाही. ते आतड्यातच पडून राहते, आणि खवळलेल्या पेशी तिथेच, भिंतीत आहेत. प्लेटमधली परिस्थिती शरीरात कुठे जमून आली असेल तर ती इथे.

मग ‘इम्युनिटी बूस्टर’ कुठून आले? प्लेटमधल्या पेशीला आपण शांत केले, टीएनएफ कमी केले, जंतू मारायचा नायट्रिक ऑक्साइड कमी केला. याला ‘वाढवणे’ म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल. संधिवाताच्या रुग्णाला टीएनएफ अडवणारी इंजेक्शने देताना डॉक्टर आधी क्षयरोग दडलेला नाही ना ते तपासतात, कारण टीएनएफ अडवले की दबलेला क्षय वर येतो. कर्क्युमिन त्या ताकदीचे नाही, सुदैवाने. पण एक दावा खरा मानला तर दुसरा पडतो, एवढे तरी आपल्या तज्ज्ञ समितीला दिसायला हवे होते.

‘इम्युनिटी’चे खूळ कधी चढले ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी सल्ला काढला : दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एकदा किंवा दोनदा. ज्यांच्या घरी आजन्म खोकल्याला हळदीचे दूध मिळाले त्यांना यात नवीन काही नव्हते, वाईटही नव्हते. पण त्या अर्ध्या चमच्याचा आधार घेऊन अर्काच्या कॅप्सूल विकल्या गेल्या, आणि अर्धा चमचा हळद व एक कॅप्सूल यांत किती फरक आहे ते सांगायला कुणी पुढे आले नाही. मी सांगते. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन सरासरी तीन टक्के धरा. माणशी दिवसाला दोन-अडीच ग्रॅम हळद पोटात जाते असे मानले, तर कर्क्युमिन झाले साठ-पंचाहत्तर मिलिग्रॅम, तेही तेलात परतून आणि जेवणाबरोबर. डबीवर लिहिलेल्या ‘९५% अर्क ५०० मिलिग्रॅम’च्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम असते. म्हणजे सोळा ग्रॅम हळद. दोन कॅप्सूल घेतल्या तर बत्तीस ग्रॅम. एवढी हळद घरात कुणी एका दिवसात एका माणसाच्या ताटात वाढत नाही, हळदी-कुंकवाच्या दिवशीसुद्धा नाही! जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची स्वीकारार्ह मर्यादा किलो वजनामागे तीन मिलिग्रॅमपर्यंत ठेवली आहे. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. त्या मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त माल एका कॅप्सूलमध्ये, आणि तो शोषला जावा म्हणून वर पिपेरिन.

याचे परिणाम दिसू लागले आहेत. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे एकापाठोपाठ एक रुग्ण सापडले; २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने या उत्पादनांवरचे आरोग्यदावे काढायला लावले आणि यकृत-पित्ताशयाचा त्रास असणाऱ्यांनी व औषधे घेणाऱ्यांनी सावध राहावे असा इशारा सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये यकृताला इजा होण्याच्या धोक्याबद्दल जाहीर सूचना काढली. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या जाळ्याने हळदीमुळे यकृत बिघडलेल्या दहा जणांची बारकाईने तपासणी छापली. त्यांच्यापैकी सात जणांची उत्पादने तपासता आली, त्यांतल्या तिघांच्यांत पिपेरिन होते. सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा विशिष्ट जनुकप्रकार होता. पाच जण रुग्णालयात दाखल झाले, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. आता बघा, एचएलए ही प्रतिकारसंस्थेचीच खूण. म्हणजे काही माणसांत ‘दाहविरोधी’ म्हणून घेतलेली वस्तू प्रतिकारसंस्थेलाच यकृतावर सोडते की काय, हा संशय रास्त आहे. असे रुग्ण थोडे, हे मान्य. कॅप्सूल घेणाऱ्या असंख्य लोकांना काही होत नाही. पण हळद जिथे पिकते, विकते आणि सर्वांत जास्त खाल्ली जाते त्या देशाच्या डबीवर हा इशारा नाही, आणि जिथे ती मसाल्याच्या कपाटात कोपऱ्यात असते त्या देशांत आहे.

आमच्याच घरातले सांगते. माझ्या थोरल्या वन्संना संधिवात आहे, आमवाताचा प्रकार, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू असते. त्यासाठी ठरावीक दिवसांनी यकृताची तपासणी होते. गेल्या वर्षी एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या इजेची रक्तातली खूण, एकदम चढला. डॉक्टरांनी विचारले, दुसरे काही औषध चालू आहे का? त्या म्हणाल्या, नाही. खोटे नव्हत्या बोलत. त्यांच्या मनात कॅप्सूल हे औषध नव्हतेच. डबी मला दिसली ती देवघराशेजारच्या फळीवर, च्यवनप्राशच्या बाटलीला टेकून ठेवलेली. विचारले तर म्हणाल्या, “अगं, हळदच तर आहे. हळदीने कधी कुणाचे वाईट झालेय?” डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, मेथोट्रेक्सेटचा डोसही काही आठवडे थांबवला, आकडा खाली आला. दोष कुणाचा होता ते यातून ठरत नाही, मेथोट्रेक्सेटही यकृताला जड जाते. पण ‘यकृताला जड जाणारे औषध चालू असल्यास डॉक्टरांना विचारा’ एवढी एक ओळ डबीवर वन्संना वाचता येईल अशा भाषेत असती, तर डॉक्टरांना तो प्रश्न दोनदा विचारावा लागला नसता.

भाषेचे आलेच आहे म्हणून. आपल्या लेबलच्या नियमात इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी सक्तीची आहे, बाकी भाषा ऐच्छिक. माझ्यापुढच्या डबीवर सगळे इंग्रजीत आहे. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही आपली सक्तीची ओळसुद्धा. त्या ओळीची गंमत अशी की पुढच्या बाजूला गुडघ्याचे चित्र आहे, आतून लाल दाखवलेले. औषध नाही म्हणायचे, आणि चित्र काढायचे दुखऱ्या गुडघ्याचे. २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांप्रमाणे आजार बरा करण्याचा वा टाळण्याचा दावा अन्नपदार्थाला करता येत नाही आणि प्रत्येक दाव्याला शास्त्रीय आधार लागतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. चित्राला दावा मानायचे की नाही, हे एकदा स्पष्ट करून टाका.

आणि एक पळवाट आहे, जी आपल्या एकट्याच्या हातात नाही. हीच कॅप्सूल अन्नपूरक म्हणून आपला परवाना घेऊन विकता येते, किंवा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयुर्वेदिक औषध म्हणून आयुषच्या परवान्यावर. आपण घट्ट केलेत तर माल त्या दारातून बाहेर पडेल. म्हणून या पत्राची प्रत आयुष मंत्रालयालाही पाठवते आहे. दोघांनी मिळून ठरवल्याखेरीज काही होणार नाही.

आता सांगलीची बाजू, कारण हे पत्र वाचून इथले लोक मला पहिले तेच विचारणार. मार्केट यार्डात सौदे निघतात तेव्हा राजापुरी हळदीला काय दर लागला यावर वाळवा-मिरज भागातल्या किती घरांचे वर्ष ठरते ते मी बघत आले आहे. हरिपूरची जमिनीखालची पेवे, त्यांत साठवलेले हळकुंड, २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, हे सगळे आमच्या अभिमानाचे आहे. आता व्यापारी कर्क्युमिनचे टक्केही विचारतात. मग मी आपल्याच गावाच्या पोटावर पाय देते आहे का? मला तसे वाटत नाही. शेतकऱ्याचे हळकुंड स्वयंपाकघरात जाते तिथे त्याला कुठल्याच दाव्याची गरज नाही. आणि अर्काचा धंदा टिकायचा असेल, परदेशात माल जायचा असेल, तर तिथल्या नियामकांनी आधीच विचारलेले प्रश्न आपल्या नियामकाने विचारलेले बरे. नाहीतर एखाद्या दिवशी कुठल्यातरी बंदरावर कंटेनर अडेल आणि त्याची किंमत अर्क बनवणारा नव्हे, वाळव्याचा शेतकरी दरात मोजेल.

हळदीसाठी आपण एकदा लढलो आहोत, कागदावर. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे) महासंचालक. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून गेलेल्या त्या मराठी माणसाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पेटंट आव्हानात नेले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. कशाच्या जोरावर? ‘आमच्या आजीला माहीत होते’ एवढे म्हणून तिथल्या पेटंट कार्यालयाने ऐकले नसते. जुना संस्कृत ग्रंथ, १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला निबंध, अशी लेखी साक्ष एकेक करून मांडावी लागली. दुसऱ्याने आपल्या हळदीवर दावा केला तेव्हा आपण त्याच्याकडे आणि स्वतःकडे कागद मागितला. आपल्या माणसाने आपल्या माणसाला विकताना तो का मागू नये?

तेव्हा मागणे असे. ‘इम्युनिटी बूस्टर’ हे शब्द कर्क्युमिनच्या उत्पादनावरून उतरवावेत. त्यांना आधार नाही आणि ते शेजारच्या दाव्याशीही जुळत नाहीत. ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ ठेवायचे असेल तर तो पुरावा पेशींवरचा, प्राण्यांवरचा की माणसांवरचा, आणि माणसांवरचा असेल तर कोणत्या आजारात व किती दिवसांचा, हे त्याच आकाराच्या अक्षरांत त्याच बाजूला छापावे. कॅप्सूलमधले कर्क्युमिन किती ग्रॅम हळदीएवढे आहे ते लिहावे, म्हणजे ‘हळदच तर आहे’ म्हणणाऱ्यांना हिशेब कळेल. पिपेरिन असेल तर यकृताचा आणि इतर औषधांचा इशारा सक्तीचा करावा, आणि तो ज्या राज्यात माल विकला जातो तिथल्या भाषेतही असावा. कावीळ, गडद लघवी, सतत मळमळ अशी लक्षणे दिसली तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जा, एवढे एक वाक्य पुरे. दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा औषधांसाठी गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. अन्नपूरकांचे अहवालही तिथे जावेत अशी सोय दोन खात्यांनी करावी. आज वन्संच्या एसजीपीटीची नोंद कुठे करायची हे त्यांच्या डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. आपल्या नियमांत दुरुस्तीचा मसुदा काढून हरकती मागवल्या तर पुरे. तो मसुदा निघेल तेव्हा हरकती मराठीतून पाठवलेल्या चालतील का, तेही कळवावे. इथे हळद पिकवणारे आणि कॅप्सूल गिळणारे, दोघांनाही काही सांगायचे असेल.

कळावे,

आपली,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
सांगली

प्रत : मा. सचिव, आयुष मंत्रालय, नवी दिल्ली